चौथा ठोका

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. इथे येणारी प्रत्येक गोष्ट खरीच असते, आणि प्रत्येकीत अमावस्या असते, लाइट गेलेले असतात, कुठेतरी कुत्रं रडत असतं. माझ्या गोष्टीत त्यातलं काहीच नाही. लख्ख दुपार होती. स्वयंपाकघरात पंखा चालू होता. टेबलावर अर्धा प्यायलेला चहा होता आणि साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन.

आणि त्या फोनसमोर माझी ताई बसली होती... जी आयुष्यात पालीशिवाय कशालाही घाबरलेली नाही.

तिने सांगितलं तसं सांगते. पदरचं काही घालत नाही.

ताईचा नवरा, म्हणजे माझे भावजी, एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. बेस म्हणजे ती जाड तारांची गिटार. ती वाजतेय हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण थांबली की पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. भावजींचा स्वभावही तसाच. घरात आहेत हे कळायचं नाही, बाहेर गेले की घर रिकामं.

बँड कॉलेजातला. तेव्हापासून तोच. आता सगळ्यांची साठी उलटलेली. गायकाच्या चामड्याच्या पँटीखाली गुडघ्याचा पट्टा असायचा. गिटारवाला दोन गाण्यांच्या मध्ये पाठ करून बीपीची गोळी घ्यायचा आणि लोकांना वाटायचं, तल्लीन झालाय. पण हॉल भरायचा. कारण ऐकणारेही यांच्याबरोबरच म्हातारे झाले होते आणि एकमेकांना सोडायला कुणी तयार नव्हतं.

या चाहत्यांचे व्हिडिओ तपासायचं काम ताईकडे होतं.

म्हणजे असं, की प्रत्येक कार्यक्रमानंतर लोक आपापल्या फोनवर काढलेले व्हिडिओ बँडच्या पानावर पाठवायचे. ताई अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात काम करायची, दुपारी घरी येऊन जेवायची आणि व्हिडिओ घेऊन बसायची. आधी एकदा नुसता बघायचा. मग फोन पालथा घालून नुसता ऐकायचा. मग त्यावर दोन ओळी लिहायच्या आणि चांगला असेल तर पानावर टाकायचा. कुणी शिकवलं नव्हतं तिला. पण तिच्या त्या दोन ओळींसाठी लोक व्हिडिओ पाठवायचे, असं मला तरी वाटतं.

‘आवाज छान आलाय. चित्र हलतंय, पण ते तुमच्या नाचण्यामुळे नाही, गुडघ्यामुळे. जपा.’

‘तिसऱ्या गाण्याला तुमच्या बायकोने जांभई दिली. बँडने ती मनावर घेतलेली नाही.’

अशा.

आणि हे करता करता ती आणखी एक काम करायची, जे तिच्या नि भावजींच्या पलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं.

भावजींना ऐकू येत नव्हतं.

थोडं कमी येतं, हे बँडला माहीत होतं. पण जवळजवळ येतच नाही, हे फक्त ताईला. कानाचं यंत्र घेतलं होतं. ते लावलं की गाणं पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखं लागतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं. मग ते वाजवायचे कसे? तर पायांनी. स्टेजवर ते अनवाणी उभे राहायचे. ड्रमचा ठोका लाकडी फळ्यांतून त्यांच्या तळव्यांत यायचा आणि तळव्यांतून बोटांत. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची स्टाइल आहे.

ताई व्हिडिओ ऐकून बघायची, कुठे चुकले का, मागे-पुढे झाले का. मग घरी त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरून दाखवायची, ‘अहो, इथे घसरलात.’

घरातही त्यांना हाक मारायची तर ती पायाने. जमिनीवर दोनदा पाय आपटायचा. भावजी कुठेही असले तरी मान वर करून तिच्याकडे बघायचे.

आता घड्याळरावांबद्दल सांगायला हवं.

घड्याळराव म्हणजे बँडचे ड्रमवाले. दिवसा शाळेत गणित शिकवायचे. हे नाव त्यांना कॉलेजातच पडलं होतं, कारण ते नेहमी किंचित मागे असायचे. यायला मागे, हसायला मागे, ड्रमवरही केसभर मागे. पण सगळा बँड त्यांच्या त्या मागे असण्यावरच रेलून उभा होता. आणि गाणं सुरू करण्याची त्यांची एक खोड होती. सगळे ड्रमवाले काड्या आपटून चार मोजतात. हे तीनच मोजायचे.

टक. टक. टक.

चौथा हवेत. काड्या वर जायच्या, पण एकमेकींना लागायच्या नाहीत. तो न वाजलेला चौथा संपला की गाणं सुरू. नवा माणूस हमखास फसायचा. भावजी मात्र कधीच नाही. ते म्हणायचे, “तीन कानांसाठी असतात गं. चौथा आपल्याला आपला कळावा लागतो.”

एका तालमीत घड्याळरावांनी तीन मोजले...

टक. टक. टक.

चौथ्यानंतर सगळ्यांनी सुरुवात केली. ड्रम आलेच नाहीत. गायकाने वैतागून मागे वळून पाहिलं, तर घड्याळराव ड्रमवर डोकं टेकून बसले होते. काड्या हातातच होत्या.

सगळे थांबले. भावजी डोळे मिटून वाजवतच राहिले. हात धरून थांबवावं लागलं त्यांना.

“मला येत होता ना,” ते ताईला म्हणाले. “मला ठोका येत होता.”

ताईला वाटलं, धक्का बसलाय.

पुढे गायकाची मुलगी ड्रमवर बसू लागली. संगीत शिकवते ती, हात सोन्याचा. पण नव्या पद्धतीची. कानाला हेडफोन, त्यात यंत्राची टिकटिक, त्यावर वाजवायचं. काड्या आपटून मोजायची भानगडच नाही. बाकीच्यांच्या कानातही ती टिकटिक दिलेली. भावजींनीही लावलं कानाला. मान डोलावली. काय ऐकू आलं ते त्यांनाच माहीत.

तिच्याबरोबरचा पहिलाच मोठा कार्यक्रम झाला. भावजी घरी आले ते अगदी फुलून. कित्येक महिन्यांनी स्वतःहून म्हणाले, “मजा आली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई व्हिडिओ घेऊन बसली...

भावजी मागे होते.

एखाद्या जागी नाही. सगळीकडे. प्रत्येक गाण्यात, प्रत्येक व्हिडिओत. चुकणारा माणूस कधी मागे पडतो, कधी पुढे पळतो, सावरतो, पुन्हा चुकतो. हे तसं नव्हतं. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत तेवढंच मागे.

केसभर.

आणि आणखी एक गोष्ट तिला दिसली. प्रत्येक गाण्याआधी भावजी मागे वळून बघत होते. ड्रमकडे, पण त्या मुलीच्या तोंडाकडे नाही. तिच्या जरा डावीकडे. तिथे काहीच नव्हतं.

संध्याकाळी गायकाचा फोन आला.

“वहिनी, रागावू नका.”

“म्हणजे रागावण्यासारखंच काहीतरी बोलणार तुम्ही. बोला.”

“त्याला नीट ऐकू येत नाहीये का? पोरगी म्हणते, काका माझ्याबरोबर वाजवतच नाहीत. दुसऱ्या कुणाबरोबर तरी वाजवतात.”

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पुढचा कार्यक्रम शेवटचा आहे, वहिनी. नंतर बँड बंद. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. पण शेवटचा म्हणून सगळं रेकॉर्ड होणार. तेव्हाही असंच झालं तर... मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला ते त्याला सांगायला लावू नका.”

एवढंच होतं बघा ताईच्या मनात तेव्हा. नवऱ्याला त्याच्याच बँडमधून शेवटच्या दिवशी काढू नये. दुसरी कसलीही भीती नव्हती.

तो व्हिडिओ आला दुसऱ्या दिवशी.

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. फोटो नव्हता. ताईला त्याचं काही वाटलं नाही. या वयातल्या लोकांना फोटो लावता येत नाहीत, निम्म्यांचे अंगठे असतात किंवा नातवंडं. तिने चहा समोर घेतला आणि व्हिडिओ लावला.

चित्र अजिबात हलत नव्हतं.

इतकी वर्षं व्हिडिओ बघतेय ती. हातातला फोन हलतोच. माणूस श्वास घेतो, कुणाचा धक्का लागतो, हात अवघडतो. हे चित्र खिळा ठोकल्यासारखं स्थिर.

मग तिच्या लक्षात आलं की समोर स्टेज नाहीये. समोर लोक आहेत.

व्हिडिओ त्याच कार्यक्रमाचा होता, पण स्टेजवरून काढलेला. मागून. गायकाची पाठ, गिटारवाल्याची पाठ, भावजींची पाठ, त्यापलीकडे अंधारातली डोकी. आणि अगदी पुढ्यात, चित्राच्या खालच्या कडेला, ड्रमच्या पितळी तबकड्या. बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर.

ड्रमच्या स्टुलावरून काढला होता.

तबकड्या थरथरत होत्या. एकेक करून. त्यांच्यावर कुणीतरी मारत होतं...

मारणारे हात दिसत नव्हते.

ताईने फोन पालथा घातला. घाबरली नव्हती ती, तिची सवय ती. बघून झालं की ऐकायचं.

आता नीट ऐकल्यावर कळलं, काय नाहीये ते. व्हिडिओ काढणाऱ्याचा श्वास नाही. बाहीची खसखस नाही. खोकला नाही, कपड्यांची सळसळ नाही. गाणं आहे, टाळ्या आहेत, पण ज्याच्या हातात फोन आहे तो... नाहीये.

गाणं संपलं. टाळ्या विरल्या.

आणि मग, अगदी जवळून, कानाशी...

टक.

टक.

टक.

ताईचा हात कपाला लागला. चहा सांडला. तिने फोन उलटा केला, तर भावजी वळून बघत होते. सरळ तिच्याकडे. म्हणजे, ज्याने कुणी व्हिडिओ काढला त्याच्याकडे. आणि हसत होते. ते हसू तिने घड्याळराव गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

चौथा हवेत गेला. गाणं सुरू झालं.

या व्हिडिओत भावजी मागे नव्हते. ड्रमबरोबर एकजीव होते. फक्त ते ड्रम त्या मुलीचे नव्हते.

ताईने तिलाच फोन लावला. “तुझ्या मागे कुणी कॅमेरा लावला होता का गं?”

“माझ्या मागे भिंत असते, काकू. पाठ घासते मला.” मग जरा थांबून म्हणाली, “का हो? काकांना बरं नाहीये का?”

“काकांना काय धाड भरलीय,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने जमिनीवर दोनदा पाय आपटला. भावजी बाहेरच्या खोलीतून आले. तिने व्हिडिओ समोर धरला. त्यांनी टेबलावर तळहात पालथा ठेवला, लाकडातून काही येतंय का बघितलं आणि शांतपणे पूर्ण व्हिडिओ पाहिला.

“माझी पाठ किती वाकलीय गं,” ते म्हणाले.

“अहो, हा काढला कुणी?”

त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग व्हिडिओकडे. एखाद्या लहान मुलाने अगदी सोपं गणित विचारावं, तसे हसले.

“तिथे कोण बसतो?”

ताईने फोन पालथा घातला.

“मला बाकी कुणी येत नाही आता,” ते म्हणाले. “तुझा पाय येतो घरात. आणि स्टेजवर तो. ती पोरगी छान वाजवत असेल, पण मला तिचं काही पोहोचत नाही. हा पोहोचतो. अजून मागेच असतो मेला.”

“ते गेलेत हो.”

“हो की,” भावजी म्हणाले. “मी कुठे नाही म्हणतोय?”

मग उठता उठता, अगदी सहज, जसं कुणी बाजारातून काय आणायचं ते सांगावं, म्हणाले, “ते राहिलेलं गाणं घेऊ म्हणतोय शेवटच्या दिवशी. तालमीत सुरू होताच थांबलं ना.”

ताईने मला तो व्हिडिओ पाठवला होता. माझ्या फोनवर तो उघडला नाही. नुसतं गोल फिरत राहिलं. मी तिला म्हटलं, “ताई, काढून टाक तो आणि भावजींना डॉक्टरकडे ने.”

“डॉक्टरला काय सांगू? ऐकू येतंय म्हणून घेऊन आले?”



तिची भीती साधी होती. घड्याळराव त्या गाण्याचे तीन ठोके मोजून गेले. आता तेच गाणं. तेच तीन ठोके. चौथ्यानंतर भावजी कुठे असतील? स्टेजवर... की जिथे तो ड्रम वाजतोय तिथे? गायकाला सांगून बघितलं तिने, ते गाणं घेऊ नका म्हणून. तो म्हणाला, “वहिनी, घड्याळ्यासाठी तेच शेवटी घेतोय. लोक वाट बघतायत.” भावजींना जाऊ नका म्हणायची तिची हिंमत झाली नाही. शेवटचा कार्यक्रम होता त्यांचा.

मग तिने तिला सुचलं ते केलं.

बूट आणले.

जाड रबरी तळव्यांचे. दुकानात पाय आपटून आपटून बघितले आणि ज्यातून काहीही जाणवणार नाही असे निवडले. कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते पुढ्यात ठेवून म्हणाली, “त्या हॉलच्या फळ्यांना खिळे वर आलेत म्हणे. तुमच्या साखरेला जखम परवडणार नाही.”

भावजींनी बुटांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि पाय पुढे केला. तिनेच वाकून नाड्या बांधल्या. दुहेरी गाठ मारली.

“फार घट्ट नाही ना?”

“तू बांधल्यात ना,” ते म्हणाले.

हे मला सांगताना ताई पहिल्यांदा थांबली. फोनवर चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला. मग पुढे म्हणाली, “त्यांनी एकदाही विचारलं नाही गं, का म्हणून.”

कार्यक्रमाला ती विंगेत उभी राहिली. पहिली काही गाणी भावजींनी डोळ्यांवर निभावून नेली. गायकाच्या तोंडाकडे बघ, त्या मुलीच्या हातांकडे बघ, जे दिसेल त्याच्या मागे धाव. मध्येच पाय उचलून बुटाकडे बघत. पण मागे राहत नव्हते. गायकाने विंगेकडे बघून अंगठा वर केला.

ताईला वाटलं, जमलं.

मग गायकाने ते गाणं जाहीर केलं. घड्याळरावांचं नाव घेतलं. हॉल उभा राहिला. दिवे मंद झाले.

भावजी वळले. ड्रमच्या जरा डावीकडे बघितलं. हात तारांवर धरला आणि थांबले.

थांबले...

गाणं सुरू झालं.

भावजी थांबलेलेच.

कडवं गेलं. हात तसाच तारांवर, बोटं वाकवलेली. एखाद्याने दार वाजवावं आणि आतून कुणीच ‘ओ’ देऊ नये, तसं बघत होते त्या रिकाम्या जागेकडे. गायकाला वाटलं, घड्याळरावांसाठी करतोय. लोकांनाही तेच वाटलं. कुणीतरी फोनचा दिवा लावला. मग दुसऱ्याने. बघता बघता सगळा हॉल दिव्यांनी भरला, लोक रडायला लागले आणि माझे भावजी त्या उजेडात आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण बहिरे होऊन उभे होते.

त्यांनी विंगेत ताईकडे बघितलं. ओठ हलले.

“मला का येत नाहीये?”

चार पावलांवर होते ते. जाऊन नाड्या सोडायच्या, बस. ताई म्हणते, मी सोडायला निघाले होते. मग वाटलं, सोडल्या आणि ते गेले तर? आणि नाही सोडल्या तर हे असं. पाय उचलेना. गाणं संपेपर्यंत ती नुसती बघत राहिली.

घरी येताना भावजी एक अक्षर बोलले नाहीत. गिटार पिशवीतून काढलीही नाही. तशीच कपाटामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओंचा पाऊस. ‘मित्रासाठी न वाजवलेली गिटार.’ ‘अशी श्रद्धांजली पाहिली नाही.’ ताई एकावरही दोन ओळी लिहू शकली नाही.

आणि भरदुपारी तो आला.

नाव नाही. फोटो नाही.

लावू नये असं वाटत असतानाच तिने तो लावला. तेच स्टूल. तीच उंची. समोर भावजींची पाठ. दिवे मंद झाले.

टक. टक. टक.

भावजी वळून बघतात. सरळ तिच्याकडे. ओळख नाही नजरेत.

पुन्हा, जोरात...

टक. टक. टक.

भावजी थांबलेलेच. चेहऱ्यावर ते ‘का येत नाहीये’.

पुन्हा. पुन्हा. इतक्या जोरात की फोनचा आवाज फाटायला लागला. घड्याळराव आयुष्यात कधी घाईत नव्हते. आता ते हाका मारल्यासारखे मोजत होते. आणि समोर त्यांचा मित्र, चार हातांवर, काहीच न ऐकता.

ताई म्हणते, “मला भीती वाटायला हवी होती ना? मला रडू आलं. वाटलं, अहो, मागे बघा, बोलावतायत. पण ते झालेलं होतं गं सगळं. काल होऊन गेलेलं. मी फोनला ओरडून काय होणार?”

मग ठोके थांबले.

आणि या नाव नसलेल्या व्हिडिओंत पहिल्यांदा चित्र हललं.

वर गेलं. बसलेला माणूस उठतो तसं. तबकड्यांच्या बाजूने पुढे आलं. आवाज नाही, पावलं नाहीत. भावजींच्या पाठीशी आलं. त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसावेत इतकं जवळ.

मग खाली गेलं... बुटांपाशी.

दुहेरी गाठीपाशी.

तिथे खूप वेळ थांबलं.

ताईने फोन बंद करायचा प्रयत्न केला. बोट लागेना.

चित्र सावकाश वळलं. विंगेकडे. तिथे ती उभी होती. स्वतः. पदर हातात घट्ट धरलेला, तोंड अर्धं उघडं. तिने स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. कुणाचा तरी जीव चाललाय आणि आपण बघतोय, असा चेहरा.

चित्र तिच्याकडे बघत राहिलं. रागाने नाही, असं ती म्हणते. शाळेत मास्तर बघतात तसं... उत्तर येण्याची वाट बघत.

मग...

टक.

टक.

टक.

ते फोनमधून आले नव्हते.

टेबलाखालून आले. तिच्या अनवाणी तळव्यांत.

आणि बाहेरच्या खोलीतून, आदल्या संध्याकाळपासून एक शब्द न बोललेले भावजी मोठ्याने हसले.

एवढं सगळं ताईने मला फोनवर सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. वय झालंय, नवऱ्याचं असं झालंय, मनाचे खेळ, असं मी तिला समजावलं. मग न राहवून तिला भेटायला गेले.

दार तिनेच उघडलं. पायात स्पोर्ट्सचे बूट. वर घरातला गाउन. मला हसूच आलं. मी सवयीने चप्पल काढायला वाकले.

“राहू दे,” ती म्हणाली. “काढू नकोस.”

भावजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. अनवाणी. मांडीवर गिटार नव्हती, पण बोटं चालू होती. चेहरा इतका शांत आणि सुखी की मला बरंच वाटलं बघून. समोर भिंतीपाशी एक स्टूल होतं. रिकामं.

ताईने चहा आणला. दोनदा पाय आपटला, मुद्दाम बूट काढून.

भावजींनी मान वर केली. पण तिच्याकडे बघितलं नाही. स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाले, “थांब रे जरा. ही काहीतरी म्हणतेय.”

मी ताईकडे बघितलं. तिने घाईघाईने बूट पुन्हा चढवले आणि मला आत नेलं. व्हिडिओ दाखव म्हटलं तर म्हणाली, त्या दिवशीच फोनमधून गेला, आपोआप. नंतर एकही आला नाही. यायची गरजच काय आता...

“तीनच पडतात,” ती म्हणाली. “दिवसभर. तीन झाले की थांबतात. मग पुन्हा तीन. अजून चौथा झाला नाही, म्हणून हे आहेत. असं मी स्वतःला सांगते.”

“मग होऊ देऊ नकोस ना चौथा.”

ताई माझ्याकडे बघून हसली. लहानपणी मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं की हसायची तशी.

“अगं बाई, चौथा वाजत नाही. घड्याळरावांचा चौथा कधी वाजला होता? तो झाला की नाही, मला कळणार कसं?”

बाहेर भावजींची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती. मग थांबली.

आम्ही दोघी ऐकत राहिलो...

थोड्या वेळाने ती पुन्हा वाजायला लागली. तेव्हा कुठे ताईने कप विसळायला घेतले.

मी संध्याकाळी घरी आले. दारात चप्पल काढली, घरात पाऊल टाकलं... आणि तशीच मागे वळून ती पुन्हा पायात घातली.

काही जाणवलं का, म्हणून विचारू नका.